ज्युलिएटच्या नगरीत

मिलानहून व्हेनिसकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, निम्म्याहून थोडे अंतर पुढे गेले की व्हेरोना हे नगर लागते. उत्तरेस आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या, पश्चिमेस गार्दा सरोवराचा विस्तीर्ण जलाशय आणि नगराच्या मधूनच नागमोडी वळण घेत वाहणारी आदिजे नदी, अशी या स्थळाची ठेवण आहे. येथील जुन्या वास्तू ज्या तांबूस-गुलाबी दगडाने घडल्या आहेत, त्या दगडात लक्षावधी वर्षांपूर्वीच्या शंखाकृती सागरी जीवांचे अवशेष जागोजागी उमटलेले दिसतात. रस्त्याच्या फरसबंदीकडे खाली मान घालून पाहत चालावे, तरी पायाखाली एखादी सुंदर चक्राकार आकृती दिसते आणि प्रवाशाचे पाऊल क्षणभर अडखळते.

इतिहासाच्या दृष्टीने हे नगर संपन्न आहे. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी रोमन लोकांनी बांधलेले येथील रंगमंडल, म्हणजे सुप्रसिद्ध 'अरेना', आजही नगराच्या मध्यभागी उभे आहे. 1117 साली झालेल्या मोठ्या भूकंपात त्याची बाहेरची भिंत कोसळली. तिच्यातल्या चार कमानींचा एक तुकडा तेवढा उरला. आतल्या दगडी पायऱ्या मात्र टिकल्या, आणि 1913 साली व्हेर्दी या संगीतकाराच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याची 'आयदा' ही संगीतिका येथे सादर झाल्यापासून उन्हाळ्यातल्या रात्री उघड्या आकाशाखाली संगीतिका सादर करण्याची प्रथाच पडली. रोमन काळचा चौक आज 'पियात्सा देल्ले एर्बे', म्हणजे भाजीबाजाराचा चौक, या नावाने ओळखला जातो. सन 2000 मध्ये हे सारे जुने नगर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

परंतु व्हेरोनाला येणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना या वैभवाची ओढ नसते. ते येतात एका अशा मुलीसाठी, जी कधी जन्मालाच आली नाही. त्या मुलीचे नाव ज्युलिएट. वय, चौदाला दोन आठवडे कमी.

भाजीबाजाराच्या चौकातून निघणाऱ्या 'व्हिया कापेल्लो' या रस्त्याने काही पावले चालले, की डाव्या हाताला एक बोळवजा प्रवेशद्वार लागते. त्यातून आत गेले म्हणजे लहानसे अंगण, विटांच्या तांबड्या भिंती आणि वर एक दगडी सज्जा. हेच 'ज्युलिएटचे घर'. अंगणात गर्दी नेहमीचीच. जपान, ब्राझील, पोलंड, आपला भारत, अशा नाना देशींची तरुण जोडपी माना वर करून त्या सज्जाकडे पाहत असतात. प्रवेशाच्या बोळातल्या भिंतींवर नावे, बाण मारलेली हृदये आणि तारखा यांची एवढी दाटी, की मूळ भिंत कोणती हे सांगणे कठीण. चिठ्ठ्या चिकटवण्यासाठी लोक चघळलेल्या गोंदाचा उपयोग करू लागले, तेव्हा 2012 साली नगरपालिकेला त्यावर दंड ठेवावा लागला. अंगणात ज्युलिएटचा कांस्य पुतळा आहे. नेरेओ कोस्तान्तिनी या शिल्पकाराने घडवलेली मूळ मूर्ती 1972 साली येथे बसवण्यात आली. तिला स्पर्श केला असता प्रेमात यश येते, अशी समजूत पसरली आणि इतक्या हातांचा स्पर्श झाला, की कांस्यालाही तडे गेले. अखेर 2014 मध्ये मूळ मूर्ती आत ठेवून तिच्या जागी प्रतिकृती उभारावी लागली. ज्या मुलीला जिवंतपणी कोणी धीराचा हात दिला नाही, तिच्या पुतळ्यावर जगाचे एवढे हात पडावेत, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

आता या घराची खरी कथा ऐका. मध्ययुगात हे घर 'दाल कापेल्लो' नावाच्या कुटुंबाकडे होते. कापेल्लो म्हणजे टोपी. आणि अंगणाच्या कमानीवर कोरलेली टोपी आजही पाहायला मिळते. कापेल्लो आणि कॅप्युलेट या नावांच्या साम्यावरून लोकांनी हे घर ज्युलिएटला देऊन टाकले. पुढे येथे खाणावळ झाली. चार्ल्स डिकन्स 1844 साली व्हेरोनात आला होता; त्याला येथे दिसली ती चिखलाने भरलेल्या आवाराची एक दरिद्री धर्मशाळा. 1905 साली नगरपालिकेने ही वास्तू विकत घेतली. 1936 साली या कथेवरील हॉलिवूडचा चित्रपट जगभर गाजला, आणि त्याच सुमारास नगरातील वस्तुसंग्रहालयांचे प्रमुख आंतोनिओ आवेना यांनी घराचे नूतनीकरण हाती घेतले. जुन्या नक्षीदार दगडांचे अवशेष जुळवून तेव्हाच तो सज्जा भिंतीला जोडण्यात आला. म्हणजे ज्या सज्जाखाली जगातले प्रेमिक छायाचित्रे काढून घेतात, त्याचे आयुष्य शंभर वर्षांचेही नाही. गंमत अशी, की शेक्सपिअरच्या मूळ नाटकात 'सज्जा' हा शब्द एकदाही येत नाही; तेथे ज्युलिएट खिडकीशी दिसते.

मग ही कथा आली कोठून? व्हिचेन्झा येथील लुईजी दा पोर्तो नावाचा एक सरदारपुत्र सैन्यात असताना 1511 साली जबर जखमी झाला आणि अपंगावस्थेत घरी परतला. लेखणी हीच त्याची सोबत उरली. त्याने लिहिलेली रोमिओ आणि ज्युलिएटची कहाणी त्याच्या मृत्यूनंतर, 1530 च्या सुमारास, व्हेनिस येथे प्रसिद्ध झाली. याहून जुनी, सिएना नगरातील प्रेमिकांची अशीच एक कथा 1476 साली छापली गेली होती. परंतु व्हेरोना हे गाव आणि ही दोन नावे दिली ती दा पोर्तोने. मात्तेओ बांदेल्लोने 1554 मध्ये ती पुन्हा सांगितली, फ्रेंच भाषेत ती उतरली, आणि 1562 मध्ये आर्थर ब्रुक या इंग्रज कवीने तिचे दीर्घ काव्य केले. त्याच काव्याच्या आधारे शेक्सपिअरने 1595 च्या आगेमागे आपले नाटक रचले.

दोन घराण्यांच्या वैराचे बीज मात्र दान्तेच्या महाकाव्यात सापडते. इटलीतील दुहीबद्दल शोक करताना त्याने माँतेक्की आणि काप्पेल्लेत्ती ही नावे एकत्र घेतली आहेत. इतिहास सांगतो, की माँतेक्की हा व्हेरोनातील एक राजकीय पक्ष होता. काप्पेल्लेत्ती हे तर क्रेमोना या दुसऱ्याच नगरातील. हे दोघे शेजारी शेजारी राहून भांडल्याचा पुरावा नाही. तथापि त्या युगातील व्हेरोनाला वैर अपरिचित होते, असे कोणी समजू नये. चौकापासून जवळच स्कालिजेर राजघराण्याच्या समाध्या आहेत. घोड्यावर आरूढ झालेल्या दगडी राजमूर्ती आणि भोवती लोखंडी कड्यांचे जाळीदार कुंपण, असे त्यांचे रूप आहे. याच घराण्याने निर्वासित दान्तेला आश्रय दिला होता. आणि याच घराण्यातील कान्सिन्योरिओने 1359 साली आपल्या सख्ख्या भावाची हत्या करून सत्ता घेतली. आज सर्वांत अलंकृत समाधी त्याचीच आहे. घरातल्या घरात असे रक्त सांडत होते, तेथे दोन घराण्यांच्या वैराची कथा लोकांना खरी वाटली तर नवल कसले? शेक्सपिअरच्या नाटकातील राजाचे एस्केलस हे नावही 'स्काला' या कुलनामावरूनच आलेले आहे.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून त्या नाटकाकडे पुन्हा पाहावे. आपल्याकडे हे नाटक न वाचलेलाही 'रोमिओ-ज्युलिएट' हा शब्द सहज वापरतो, आणि त्याचा अर्थ अमर प्रेम असा घेतो. शेक्सपिअरने मात्र प्रेमापेक्षाही उतावळेपणाची कथा अधिक बारकाईने सांगितली आहे. ब्रुकच्या काव्यात कथेला कित्येक महिने लागतात. शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत आणून बसवली. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची होती, बांदेल्लोची अठरा वर्षांची. शेक्सपिअरने तिला तेरा वर्षांची केले. हे दोन्ही बदल हेतुपुरस्सर आहेत. त्या काळी इंग्लंडमध्ये सामान्य घरातील मुलींची लग्ने सर्वसाधारणपणे पंचविशीच्या आसपास होत. म्हणून तेरा वर्षांची वधू लंडनच्या प्रेक्षकालाही चकित करणारीच होती. स्वतः शेक्सपिअरचा विवाह 1582 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन हॅथवेशी घाईघाईत झाला होता, आणि सहाच महिन्यांनी त्यांना कन्या झाली. हे नाटक लिहिले गेले तेव्हा ती थोरली मुलगी सुझाना साधारण ज्युलिएटच्याच वयाची होती. उतावळ्या तरुणाचे मन आणि मुलीच्या बापाचे मन, ही दोन्ही त्याला ठाऊक होती.

रविवारी सकाळी रोमिओ आपल्याला भेटतो, तो रोझलिन नावाच्या तरुणीसाठी उसासे टाकत असतो. तिच्यावाचून जगणे व्यर्थ आहे, अशी त्याची खात्री आहे. ही रोझलिन नाटकात एकदाही रंगभूमीवर येत नाही. त्याच दिवशी रात्री मेजवानीत तो ज्युलिएटला पाहतो आणि रोझलिन त्याच्या स्मृतीतून पुसली जाते. मध्यरात्री खिडकीखाली शपथा होतात. सोमवारी दुपारी विवाह होतो. विवाहानंतर तास-दोन तासही लोटत नाहीत तोच, मित्राच्या मृत्यूने बेभान होऊन रोमिओ ज्युलिएटच्या मामेभावाचा, टिबॉल्टचा, वध करतो आणि त्याला हद्दपारीची शिक्षा होते. मंगळवारी पहाटे पतिपत्नींची ताटातूट होते. पुढचे दोन दिवस विषाचे आणि थडग्याचे. या वेगात विचाराला जागा कोठे आहे? रोमिओचे प्रेम खोटे नाही. परंतु ते अपक्व आहे. ज्या वयात भावना पूर्ण शक्तीने येते आणि तिला आवरणारा विवेक अजून घडतच असतो, त्या वयाचे ते प्रेम आहे. मानवी मेंदूतील परिणामांचा विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, हे विज्ञानाने अलीकडे सांगितले. नाटककाराने ते चारशे वर्षांपूर्वी केवळ निरीक्षणाने ओळखले होते.

त्यातही ज्युलिएट रोमिओहून शहाणी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खिडकीतल्या त्या रात्रीच तिच्या मनात शंका येते, की हे सारे फार अविचाराने आणि फार एकाएकी घडत आहे. विजेप्रमाणे चमकून नाहीसे होणारे तर नाही ना? तिच्या मनातला हा क्षीण आवाज कोणी ऐकायला हवा होता. एक शहाणी आई, एक विश्वासू मावशी, एक थोरली बहीण जवळ असती, तर त्या आवाजाला बळ आले असते.

येथेच वाचकांनी थोडे थांबावे अशी विनंती आहे. कारण या कथेचे तात्पर्य 'मुले उतावळी, म्हणून मेली' असे सांगण्याचा प्रघात आहे, आणि ते तात्पर्य आईबापांना मोठे सोयीचे वाटते. नाटकातील वडीलधाऱ्यांकडे नीट पाहिले, तर ते मुलांहूनही अधिक उतावळे आहेत. ज्युलिएटचा बाप प्रारंभी किती समंजस दिसतो! पॅरिस नावाचा प्रतिष्ठित वर मागणी घालतो तेव्हा तो म्हणतो, की मुलगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या. लवकर माता झालेल्या मुलींचे आयुष्य लवकर नासते. आणि तोच बाप, घरात टिबॉल्टचे सुतक असताना, सोमवारच्या रात्री मुलीला न विचारता गुरुवारचे लग्न ठरवतो. पुढे तेही बुधवारवर आणतो. ती नकार देते तेव्हा तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर उपाशी मरू देण्याची भाषा करतो. आई पाठ फिरवते. जिने तिला अंगावर पाजले ती दाई, पहिला नवरा गेला असे समजून दुसरे लग्न करावे, असा व्यवहारी सल्ला देते. एका तासात त्या मुलीचे सारे घर तिला परके होते.

राहिला धर्मगुरू लॉरेन्स. संयमाचा उपदेश करणारा नाटकातील हा एकमेव माणूस. सावकाश चालावे, धावणारे ठेचकाळतात, हे तो रोमिओला सांगतो. आणि त्याच दिवशी त्या दोघांचे गुप्तपणे लग्न लावून देतो. दोन घराण्यांचे वैर या विवाहाने मिटेल, अशी त्याची सदिच्छा असते. परंतु मोठ्यांची भांडणे मिटवण्याचा भार तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवणे, हा कोणता विवेक? पुढे तो तिला बेचाळीस तास मृतवत ठेवणारे औषध देतो. राजाकडे जावे, बापाला सत्य सांगावे, हा सरळ मार्ग त्याला सुचत नाही, किंवा सुचला तरी धैर्य होत नाही. अखेर थडग्यात ज्युलिएट जागी होते, बाहेर पावले वाजतात, आणि हा वृद्ध भीतीने तिला तेथेच सोडून निघून जातो. तेवढे क्षण तो तिच्याजवळ थांबता तर?

व्हेरोनापासून दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर मांटुआ आहे. आज आगगाडीने ते अंतर तासाभरात तुटते. नाटकात रोमिओ हद्दपार होऊन तेथे राहतो, आणि खरी हकीकत कळवणारे पत्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पत्र नेणाऱ्या साधूला साथीच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवलेले असते. 1592 ते 1594 या काळात लंडनची नाटकगृहे प्लेगमुळे बहुतांश बंद होती; बंद दारांचा तो अनुभव नाटककाराने या घटनेत ओतला असावा. 2020 च्या साथीत घरोघरी अडकून पडलेल्या आपल्या पिढीला तर हे कारण आता अगदी जवळचे वाटेल. पत्र येत नाही. मृत्यूची वार्ता मात्र वेगाने पोहोचते. ती ऐकताच रोमिओ विष विकत घेतो. एक दिवस थांबावे, लॉरेन्सकडे चौकशी करावी, असे त्याला वाटत नाही. थडग्यातही तो काही घटका उशिरा पोहोचता, तर ज्युलिएट जागी झाली असती. दा पोर्तोच्या जुन्या कथेत ती रोमिओ जिवंत असतानाच जागी होते आणि दोघांचे अखेरचे बोलणे होते. शेक्सपिअरच्या नाटकात तेवढीही भेट नाही. आणि त्यामुळे उतावळेपणाची किंमत पूर्ण वसूल होते.

व्हेरोनाच्या जुन्या तटाजवळ सान फ्रान्चेस्को आल् कोर्सो नावाचा मठ आहे. त्याच्या तळघरात तांबड्या संगमरवराची एक झाकण नसलेली शवपेटी ठेवलेली असून तिला 'ज्युलिएटची समाधी' म्हणतात. पेटी रिकामी आहे. लॉर्ड बायरन 1816 साली येथे आला, तेव्हा ती उजाड बागेत पडून होती. त्याने आपल्या मुलीसाठी तिचे काही कपचे काढून नेले. इतरांनीही तसेच केले. दगडाच्या कडा त्यामुळे झिजल्या. त्या अर्धप्रकाशी तळघरात वरच्या अंगणासारखा गोंगाट नसतो. रिकाम्या पेटीपुढे उभे राहिले, की बोलावेसे वाटत नाही. आत कोणीही नव्हते, हे ठाऊक असूनही वाटत नाही. कारण त्या वयाची खरी मुले प्रत्येक देशात अशी गेली आहेत.

याच समाधीपाशी, 1930 च्या दशकात, एक हृद्य प्रथा सुरू झाली. लोक ज्युलिएटच्या नावाने चिठ्ठ्या लिहून तेथे ठेवत. समाधीचा रखवालदार एत्तोरे सोलिमानी याने त्या वाचल्या आणि ज्युलिएटच्या वतीने उत्तरे लिहिण्यास आरंभ केला. पुढे हे काम 'ज्युलिएट मंडळ' या संस्थेने घेतले. आज जगातून दरवर्षी हजारो पत्रे येतात. पाकिटावर 'ज्युलिएट, व्हेरोना' एवढे लिहिले तरी टपालखाते ते पोहोचवते. स्वयंसेवक, बहुधा स्त्रिया, निरनिराळ्या भाषांतील ही पत्रे वाचतात आणि हाताने उत्तरे लिहितात. पत्रलेखकांत शाळकरी मुली असतात, विरहाने खचलेले तरुण असतात, आणि आयुष्याच्या सायंकाळी जुनी आठवण सांगणारे वृद्धही असतात.

वरवर पाहता हा प्रकार विचित्र आहे. जिने स्वतः चार दिवसांत आयुष्य संपवले, त्या मुलीला जग सल्ला विचारते! पण अधिक विचार केला म्हणजे त्यातले मर्म उमगते. या पत्रांना उपदेशापेक्षा उत्तराची भूक आहे. घरात ज्यांना विचारता येत नाही, ती मुले पत्र लिहितात. ज्युलिएटला जे मिळाले नाही, म्हणजे कोणीतरी न रागावता ऐकून घेणे आणि दोन दिवस थांब असे मायेने सांगणे, तेच व्हेरोनातील या स्त्रिया अनोळखी मुलांना देत आहेत. दगडी सज्जा खोटा असेल. हे काम मात्र खरे आहे.

आपल्या देशाला ही कथा परकी नाही. पंजाबात वारिस शहाने 1766 साली पूर्ण केलेल्या काव्यातील हीर आपल्याच आप्तांच्या हातून विष घेऊन मरते. चिनाब नदीकाठची सोहनी रोज रात्री मडक्याच्या आधाराने नदी ओलांडून प्रियकराला भेटायला जाई. एका रात्री तिचे पक्के मडके काढून त्या जागी कच्चे ठेवण्यात आले; ते पाण्यात विरघळले आणि सोहनी बुडाली. कच्च्या प्रेमाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. पण कच्चे मडके तिच्या हाती दिले कोणी? लोककथा सांगते, तिच्याच सासरच्या माणसाने, नणंदेने. 'सैराट' हा 2016 चा मराठी चित्रपट पाहून बाहेर पडलेले प्रेक्षक निःशब्द का झाले होते, याचेही कारण हेच आहे.

या बाबतीत आपण काही पावले पुढे आलो आहोत. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले, तेव्हा त्यालाही विरोध झाला होता. म्हणजे ज्युलिएट त्या कायद्यालाही दोन आठवड्यांनी कमी पडली असती. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस ही मर्यादा आहे. सज्ञान स्त्रीपुरुषांनी परस्परसंमतीने विवाह करण्यास कुटुंबाच्या वा पंचायतीच्या अनुमतीची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली निःसंदिग्धपणे सांगितले. मुलांनी पक्व होईपर्यंत थांबावे, आणि पक्व झाल्यावर त्यांच्या निवडीचा मान राखावा, अशी ही दुहेरी मर्यादा आहे. तिचा पहिला अर्धा भाग मुलांसाठी आहे, दुसरा वडिलांसाठी. कायदा वय ठरवू शकतो. घरातला संवाद तो निर्माण करू शकत नाही. सोळा वर्षांची मुलगी रात्री अंथरुणावर तळमळत असेल, तर तिला सकाळी कोणाजवळ बोलता येईल, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःच सोडवायचा आहे.

नाटकाच्या शेवटी दोन बाप एकमेकांचे हात हाती घेतात. रोमिओचा पिता म्हणतो, की ज्युलिएटची सुवर्णमूर्ती उभारीन. मुले जिवंत असताना ज्यांना चार शब्द बोलता आले नाहीत, ते मेल्यावर सोने देऊ लागतात. अशा सोन्याचा उपयोग काय?

व्हेरोना सोडण्यापूर्वी प्रवाशाने 'पोन्ते पिएत्रा' या दगडी पुलावर अवश्य जावे. आदिजेवरचा हा पूल मूळ रोमन काळचा. एप्रिल 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवला. क्षणार्धात शतकांची वास्तू नदीत गेली. परंतु व्हेरोनाच्या नागरिकांनी नदीच्या पात्रातून ते दगड शोधून काढले, जुन्या चित्रांवरून एकेकाची जागा ठरवली, आणि 1957 ते 1959 या काळात पूल पूर्ववत उभा केला. संध्याकाळी त्या पुलावर नगरातली कुटुंबे फिरायला येतात. आजोबांचा हात धरून चालणारी नात, तिच्या मागून हळूहळू येणारे आईवडील, कठड्याशी उभे राहून बोलत असलेले एखादे तरुण जोडपे. कोणालाही घाई नसते. खाली नदी मात्र वेगाने वाहत असते.